स्पोर्ट्स कारच्या टायरची हवा: स्टिकरप्रमाणे की थोडी कमी?

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. नाशिकहून निघून समृद्धीवर १२० च्या वेगाने गेलं की टायर तापतो आणि दर ५-६ अंशांमागे साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब वाढतो. ही वाढ कंपनीने धरलेलीच असते, त्यामुळे गरम टायरमधली हवा सोडू नका.

दुसरा पर्याय म्हणजे दोन-चार पीएसआय कमी ठेवणं. ट्रॅकवर ते बरोबर. तिथे काही फेऱ्यांतच दाब चढतो आणि हवी तशी पकड मिळते. रस्त्यावर टायर तेवढा तापतच नाही. मग कडा झिजतात, स्टिअरिंग सुस्त होतं. कसारा घाटाकडे जाताना एखादा पावसाळी खड्डा लागला, तर स्पोर्ट्स टायरच्या बारीक साइडवॉलमुळे (टायरच्या बाजूच्या कमी उंचीच्या भिंतीमुळे) मार थेट रिमला बसतो. बाजूला अंड्याएवढा फुगा आला की तो टायर गेलाच! साचलेल्या पाण्यावरही कमी हवेचा टायर लवकर तरंगतो.

माझं मत स्पष्ट आहे, रस्त्यासाठी स्टिकरच. फक्त अनेक गाड्यांत पुढचा-मागचा आकडा वेगळा असतो आणि पंपावर चारही चाकांत सरसकट सारखीच हवा भरली जाते, म्हणून आधी सांगा. थंडीत नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा तर पहाटे घरीच गेजने मोजून घ्या.