थंडीपूर्वी बोटीचे इंजिन : साताऱ्यातील एका गॅरेजचा अनुभव

तापोळ्याला शिवसागर जलाशयावर आमची डिझेल इंजिनाची बोट आहे. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या जेटीवर दवबिंदू गोठू लागले की मला इंजिनाची काळजी लागते, कारण इंजिन थंड ठेवण्यासाठी आत फिरणारे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बंद जागेत अडकलेले असेल, तर इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकलाही, म्हणजे मुख्य सांगाड्यालाही, तडा पाडते. म्हणून यंदा हे काम साताऱ्यातील एका गॅरेजकडे सोपवले.

कारागिराने ब्लॉकच्या तळाचा ड्रेन प्लग (पाणी काढून टाकण्याचे बूच) काढला, तेव्हा थेंबही आला नाही. त्याने भोकात तार घालून खरवडताच गंजाचा गाळ सुटला आणि पाठोपाठ तांब्याभर तांबूस पाणी वाहिले. नुसता प्लग काढून थांबणारा माणूस इथे हमखास फसला असता. नंतर त्याने डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकोलचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे, सहज न गोठणारे द्रव) निम्मे-निम्मे भरले. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकते. आपल्याकडे एवढ्या थंडीचा प्रश्नच नाही, पण गंज रोखण्यासाठी ते बारा महिने उपयोगी पडते. आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) उभी ठेवली की तिच्यातील पाणी आपोआप निथळते, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

एक गोष्ट मात्र खटकली. उरलेले कूलंट त्याने गटारात ओतले. ते चवीला गोड असते आणि जनावरांना विषारी ठरते, त्यामुळे ते बंद कॅनमध्येच ठेवायला हवे.