गाईंच्या ट्रकमधून घोडे : चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्याकडे गाईही आहेत आणि घोडेही, पण दोन्हींसाठी वेगवेगळी वाहने बाळगणे शक्य नव्हते. म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही ॲल्युमिनियमच्या हौद्याचा, एकमजली पशुवाहू ट्रक घेतला. हा ट्रक कोणत्याही जनावरासाठी चालतो, असे विकताना सांगण्यात आले होते. गाईंच्या बाबतीत ते पहिल्या फेरीपासून खरे ठरले. घोड्यांच्या बाबतीत ते खरे व्हावे म्हणून मात्र आम्हाला हौद्यात बरेच फेरफार करावे लागले, आणि जे कोणी असा ट्रक घेण्याच्या विचारात असतील त्यांना ते आधीच ठाऊक असावेत, असे मला मनापासून वाटते.

गाईंविषयी फारशी तक्रार नाही. हौद्यात बिजागरीवर फिरणारी दोन भक्कम फाटके आहेत आणि ती हव्या त्या अंतरावर अडकवता येतात, त्यामुळे जनावरे थोडी असली तर जागा आवळून घेता येते. हे फार महत्त्वाचे आहे, कारण जागा अघळपघळ असली की वळणावर गाई तोल जाऊन पडतात, आणि जागा अगदीच अपुरी असली तर एकदा पडलेल्या गाईला पुन्हा उठता येत नाही. सुमारे ५५० किलो वजनाच्या जनावराला १.३ ते १.६ चौरस मीटर जागा द्यावी, असे युरोपीय संघाची १/२००५ क्रमांकाची नियमावली सांगते. आम्ही तोच हिशेब धरतो. गुरे अंधारातून उजेडाकडे सहज चालतात हे लक्षात घेऊन हौद्याच्या पुढच्या टोकाला दिवा बसवलेला आहे, ही बांधणाऱ्याची सूज्ञ योजना म्हटली पाहिजे.

पहिली अडचण रॅम्पची आली. वर उल्लेखलेल्या नियमावलीत मोठ्या गुरांसाठी सुमारे साडेसव्वीस अंशांपर्यंतचा चढ चालतो, पण घोड्यांसाठी आणि वासरांसाठी तो २० अंशांपेक्षा जास्त असू नये, असे म्हटले आहे. आमचा रॅम्प पंचवीस अंशांचा निघाला. गाई त्यावरून बिनतक्रार चढत असत, परंतु आमची घोडी पायथ्याशीच अडून राहिली, आणि कशीबशी चढवल्यानंतर उतरताना तिच्या मागच्या पायाचा नाल घसरला. तिला इजा झाली नाही, तरी पुढचे कित्येक दिवस ती ट्रक दिसताच बुजत होती. हौद्याची जमीन एक मीटर उंच असेल, तर २० अंशांच्या चढासाठी रॅम्प जवळजवळ २.९ मीटर लांब लागतो. साडेसव्वीस अंशांना २.२ मीटर पुरतात. आम्ही रॅम्प दोन घड्यांचा करून लांबवला आणि त्यावर आडव्या पट्ट्या व रबर बसवले. तो आता जड झाला आहे, पण घोडी लगाम सैल सोडला तरी वर चढते.

त्याहून मोठा प्रश्न मधल्या फाटकांचा होता. गुरांसाठी ती थेट जमिनीपर्यंत बंद असतात, आणि तसेच असायला हवे, नाहीतर पाय खाली अडकतात. घोड्याची गरज नेमकी उलटी असते. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि गाडी वळली किंवा ब्रेक लागला की तो पाय फाकवून तोल सावरतो. पाय फाकवायला जागाच नसेल, तर तो फाटकावर रेलतो, घाबरून टापा आपटू लागतो आणि शेवटी घामाघूम होऊन उतरतो. आम्ही घोड्यांसाठी खालून मोकळे, वरच्या भागाला गादी लावलेले वेगळे पडदे करून घेतले. ते बसवायला दोन माणसांना अर्धा तास लागतो. छातीशी आडवा दांडा बसवला. दोर इतका लांब ठेवतो की घोड्याला मान खांद्याच्या खाली नेता यावी. मान तासन्‌तास वर बांधलेली राहिली तर श्वासनलिकेतील स्राव बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुफ्फुसाचा दाह होतो, म्हणून दोराची लांबी मी स्वतः तपासल्याशिवाय गाडी हलवू देत नाही.

उंचीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा, कारण ती नंतर वाढवता येत नाही. घोड्याच्या खांद्याच्या वर किमान ७५ सेंटीमीटर मोकळी जागा असावी लागते. आमच्या हौद्याची आतली उंची २.३ मीटर असल्याने खांद्याशी १५५ सेंटीमीटरपेक्षा उंच घोडा आम्ही त्यात नेत नाही.

खालचा पत्रा नक्षीदार असला तरी लोखंडी नालांना तो निसरडा होतो, म्हणून रबरी चटया अंथराव्या लागल्या. त्या सुट्या असल्याने मूत खाली साचते, आणि जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडतात तिथे पत्रा खाल्ला जाऊ लागला आहे. कडा बंद करून चिकटवलेले रबर घ्यावे.

गुरे उतरवून घोडे चढवण्याच्या मध्ये जी धुलाई करावी लागते, तिच्याविषयी मात्र कोणीही आम्हाला आधी बजावले नव्हते. गजकर्ण गुरांकडून घोड्यांना होऊ शकते, आणि शेणाचा थर राहिला तर जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही; म्हणून आधी खरडणे, मग साबणाच्या पाण्याने धुणे, मग जंतुनाशक आणि शेवटी पूर्ण वाळवणे, हा क्रम चुकवता येत नाही. सर्वांत गंभीर धोका खुराकाचा आहे. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरे ते सहन करतात, पण त्याची थोडीशी मात्राही घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करून त्याचा जीव घेऊ शकते. एकदा चटई उचलली तेव्हा पुढच्या कोपऱ्यात मूठभर पेंड सापडली. त्याच दिवशी आम्ही हौद्यातली गव्हाण काढून टाकली, आणि आता ट्रकमध्ये गुरांना फक्त गवत देतो.

दोन्ही जनावरे एकाच फेरीत आम्ही कधीही नेलेली नाहीत आणि तसे कोणी करू नये. घोड्याच्या दुगाणीपुढे किंवा गाईच्या शिंगापुढे मधल्या पडद्याचा भरवसा धरता येत नाही.

एक उणीव आम्हाला दूर करता आली नाही. ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, भरलेल्या वजनासाठी बसवलेले आहेत. आठ गाई असल्या की गाडी शांत चालते, पण दोनच घोडे असले की मागचा भाग उसळतो आणि तो हिसका थेट त्यांच्या पायांना बसतो. त्यामुळे घोडे असताना आम्ही वेग बराच कमी ठेवतो आणि वेळ दीडपट धरतो. ज्यांच्याकडे घोडे अधिक आणि गुरे थोडी असतील, त्यांनी हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन असलेलाच ट्रक पाहावा.