थ्री-प्लाय की एन-९५ : फ्लूच्या दिवसांत प्रवासासाठी कोणता मास्क?

महाराष्ट्रात फ्लूची मोठी साथ पावसाळ्यात येते आणि हिवाळा सरता सरता पुन्हा एकदा, थोड्या कमी जोराने, डोके वर काढते. फ्लूची लस दरवर्षी घेतली जाते असे धरून चालू. तरीही रोज भरलेल्या बसने किंवा लोकलने जाणाऱ्याला, त्यातही घरी वयस्क माणूस असेल तर, निळा थ्री-प्लाय घ्यावा की एन-९५, हे ठरवावे लागतेच. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

थ्री-प्लाय हलका आणि स्वस्त असतो, त्यात जीव गुदमरत नाही. शिवाय आजारी माणसाने स्वतः लावला तर खोकल्या-शिंकेचे तुषार पुष्कळसे आतच अडतात. नाक चोंदलेल्या रुग्णाने एन-९५ लावावा असा आग्रह मी तरी धरणार नाही.

माझा कौल ठरला तो चष्म्यामुळे. पावसाळी दमट हवेत थ्री-प्लाय लावून बसमध्ये चढले की काचांवर वाफ धरते. नाकावरची पट्टी कितीही दाबून बसवली तरी थोड्या वेळात सैल पडते, आणि काचा पुसायला, मास्क वर ओढायला, आत्ताच बसचा दांडा धरलेला हात पुन्हा पुन्हा तोंडापाशी जातो. मला ही निव्वळ गैरसोय वाटत नाही, कारण काचेवरची वाफ म्हणजे वरच्या फटीतून निसटलेला श्वास, आणि ज्या फटीतून तो बाहेर पडतो तिथूनच शेजारच्या खोकणाऱ्याची हवा आतही येते.

डोक्यामागून दोन पट्ट्या जाणारा एन-९५ लावला की माझ्या काचा बहुतेक वेळ स्वच्छ राहतात. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवण्याची त्याची क्षमता तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी पडते. दाढी असेल तर तो तसा बसत नाही, आणि कानात अडकवायचे प्रकार बहुधा सैलच राहतात. व्हॉल्व्ह असलेला घेऊ नये, कारण त्यातून आपला श्वास न गाळताच इतरांपर्यंत जातो. तो धुऊ तर मुळीच नये. त्याच्या धाग्यांवरील विद्युतभार साबणाने उतरतो आणि गाळण्याची शक्ती घटते. उकाड्यात त्याचा त्रास होतो, नाकावर वळ उठतात, हे मान्य आहे.

तरी प्रवासासाठी मी एन-९५ सुचवेन आणि थ्री-प्लाय घरातल्या आजाऱ्यासाठी ठेवेन. एन-९५ लावल्यावर दोन्ही तळवे त्यावर ठेवून जोराने श्वास सोडून पाहावा. डोळ्यांकडे हवा लागली तर नाकावरची पट्टी पुन्हा बसवावी आणि तरीही लागत राहिली, तर दुसऱ्या आकाराचा मास्क घ्यावा.