विंडोज शेजारी ठेवायचं की उडवायचं?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 न चालणाऱ्या धडधाकट लॅपटॉपचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी आला. लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं, मनात घेतलेला माणूस आधी विचारतो, ‘उबुंटू की मिंट?’ ही लिनक्सचीच दोन रूपं, यावर फार डोकं खपवू नये. मिंट 22 हे उबुंटू 24.04 च्याच पायावर उभं आहे आणि दोघांनाही 2029 पर्यंत अपडेट आहेत. स्टार्ट मेनूची सवय असेल तर मिंट घ्या, संपलं. खरा निर्णय पुढे, इन्स्टॉल करताना होतो: विंडोजच्या शेजारी बसवू, की अख्खी डिस्क पुसू? मी दोन्ही करून पाहिलंय.

ड्युअल बूटची, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवण्याची, बाजू लंगडी नाही. टॅलीवर ज्याचं पोट आहे, डिजिटल सिग्नेचरचा टोकन रोज लावावा लागतो, किंवा श्रीलिपीत केलेली जुनी कामं पुन्हा पुन्हा उघडावी लागतात, त्याने विंडोज उडवायच्या भानगडीत पडू नये. लॅपटॉप सुरू करताना मेनू येतो, हवं ते निवडायचं. शिवाय अडलं तर ओळखीचं घर शेजारीच आहे, हा धीर नवख्याला मोठा असतो.

माझं मन उडालं ते घड्याळामुळे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, तर लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, आहे असं धरून चालतं. आपापल्या जागी दोघंही बरोबर. पण घड्याळ एकच, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे दुपारी तीनला लिनक्स बंद करून विंडोज उघडावं तर सकाळचे साडेनऊ. उलट यावं तर रात्रीचे साडेआठ! नेट मिळालं की लिनक्स सहसा लगेच सावरतं. विंडोज तेवढ्या तत्परतेने सावरेलच असं नाही. वेळ चुकलेली असताना सेव्ह केलेल्या फाइलवर भलताच शिक्का बसतो, मग दोन प्रतींतली नवी कोणती ते ओळखत बसा. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर त्याच संगणकावर असेल तर त्याचे कोडही नाकारले जातात. इलाज आहे: टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहून लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला लावता येतं. पण ज्याने टर्मिनल अजून उघडलेलंही नाही, त्याला पहिल्याच आठवड्यात हे कोण सांगणार?

विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचंही थोडं असंच. शटडाउन केलं तरी ते अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, लिनक्समध्ये उघडतं ते नुसतं वाचण्यापुरतं. हा पर्याय विंडोजमध्ये जाऊन बंद करावा लागतो. आणि एक्सेलसाठी एकदा तिकडे गेलं की पुन्हा रीस्टार्ट करायचा कंटाळा येतोच, निदान मला तरी यायचा. लिनक्समधल्या लिब्रेऑफिस या ऑफिस संचाशी ओळख करून घ्यायची राहते ती राहतेच.

डिस्कवर एकटं मिंट आल्यापासून घड्याळाकडे संशयाने पाहणं थांबलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये तयारच असतो, त्यामुळे मराठीचं अडलं नाही. क्वचित लागणारं विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्याच एका खिडकीत, चालवतो. मात्र 8 जीबी रॅमवर त्याला धाप लागते, 16 असेल तर बरं. रॅम वाढवता येत नसेल आणि विंडोज रोज लागत असेल, तर ड्युअल बूटच बरा, हे मला मान्य आहे. बाकीच्यांनी निदान पुसण्याचा विचार करून पाहावा.

पुसायचंच ठरलं तर डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्याआधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, प्रिंटर, स्कॅनर तपासा. शेजारी ठेवणार असाल तर पार्टिशनला हात लावण्यापूर्वी विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू आहे का ते बघा. असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. तिचा फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणारेही मी पाहिलेत.