खोक्यांच्या कारखान्यातून दूरशिक्षण : चौदा महिन्यांनंतर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. (खोके म्हटलं की हल्ली लोक वेगळंच हसतात, पण आम्ही खरोखरचेच खोके करतो.) दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1991 मध्ये एका जुन्या मशीनवर तो सुरू केला. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाउसना पाच किलोच्या पेट्या जातात. एरवी चिवडा-फरसाणवाले आणि सातपूरच्या एक-दोन कंपन्या. बिलं, बँक, जीएसटी हे गेली आठ वर्षं मी बघते. जुलै 2024 च्या सत्रात मी उद्योजकता आणि व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेला दूरशिक्षणाने प्रवेश घेतला. अभ्यासक्रम एका वर्षाचा, आज चौदा महिने झाले आणि एक पेपर अजून मानगुटीवर आहे. संस्था राज्याबाहेरची आहे, नाव घेत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला भांडण नको, अनुभव सांगायचाय.

पहिली चूक माझीच. माध्यम न बघता प्रवेश घेतला. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बी.कॉम.ही मराठीत, आणि इथे पुस्तकं इंग्रजी, उत्तरंही इंग्रजीतच लिहायची. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिककरांनी आधी आपल्या दारातलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ बघावं. 1989 पासून ते इथे आहे आणि मराठी माध्यम हीच त्याची मुख्य ओळख. मी मैत्रिणीच्या शब्दावर गेले. एक काम मात्र नीट केलं. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबीच्या) संकेतस्थळावर त्या संस्थेचा तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी मान्य आहे का, हे पाहिलं. त्याच सत्रापासून विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी काढायचा नियम आला होता, तोही रात्री बसून काढला. कॉलेज रोडवरच्या एका एजंटने "मॅडम, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, ते आम्ही बघतो," असं सांगितलं, तेव्हा त्याचा चहासुद्धा न पिता उठले.

फी साडेचौदा हजार, परीक्षा शुल्क वेगळं. पुस्तकं तीन महिन्यांनी आली, तोवर पहिली असाइनमेंट द्यायची तारीख निघून गेली होती. पीडीएफ मिळत होती, पण तेवढी पानं मोबाइलवर वाचून डोळ्यांचं पाणी झालं, शेवटी मेहेर सिग्नलजवळ प्रिंट काढून घेतल्या. मदत क्रमांकावर दुपारी चारनंतर कुणी फोन उचलत नाही आणि चारच्या आधी मला वेळ नसतो. एका असाइनमेंटचे गुण गुणपत्रकात चढलेच नाहीत. पाच ईमेल, दोन महिने. आता चढलेत.

पुस्तकांचं काय सांगू! व्यवस्थापनाची तत्त्वं, मास्लोची उतरंड, फेयोलची चौदा तत्त्वं हा भाग जुना असला तरी बिघडत नाही, तो जुनाच असतो. पण लघुउद्योगाच्या धड्यात 2006 च्या कायद्यातली मूळ व्याख्या होती : यंत्रसामग्रीत 25 लाखांपर्यंत गुंतवणूक म्हणजे सूक्ष्म उद्योग. ही व्याख्या जुलै 2020 मध्ये बदलली, उलाढालही मोजायला लागले, आणि एप्रिल 2025 पासून मर्यादा पुन्हा वाढल्या. आता सूक्ष्म म्हणजे अडीच कोटी गुंतवणूक आणि दहा कोटी उलाढालीपर्यंत. करांच्या धड्यात तर व्हॅट अजून जिवंत आहे. मी परीक्षेत कुठली व्याख्या लिहायची, असं विचारलं तर "पुस्तकातली लिहा" असं उत्तर आलं. लिहिली. गुण मिळाले.

इतकं सगळं असून पैसे वाया गेले असं का म्हणत नाही, त्याला कारण एक असाइनमेंट.

खर्च आणि नफ्याच्या धड्यात ब्रेक-इव्हन होता, म्हणजे ना नफा ना तोटा कुठल्या आकड्याला होतो ते. बी.कॉम.ला हे गणित मी दोन वर्षं सोडवलं होतं, 'एक्स लिमिटेड'चं. इथे प्रश्न होता : तुमच्या ओळखीच्या व्यवसायाचं मांडा. मी आमचंच मांडलं. गाळ्याचं भाडं, चार माणसांचे पगार, वीजबिलातला स्थिर आकार, घसारा, कर्जावरचं व्याज, सगळं धरून महिन्याला 1,65,000 हा खर्च खोकं बनो न बनो होतोच. (आधी मी कर्जाचा पूर्ण हप्ता धरला होता. तपासणाऱ्या सरांनी लाल पेनाने लिहिलं, "मुद्दल हा खर्च नव्हे." एवढं वाक्य तरी कुणीतरी वाचून लिहिलं होतं!) आमचं सरासरी खोकं जातं 31 रुपयांना. कागद, खळ, तार, शाई, गाडीभाडं मिळून 26. हातात राहतात पाच. म्हणजे महिन्याला 33,000 खोकी गेली की आम्ही काठावर.

पावसाळ्यात आमची अठरा-वीस हजार जातात. जुलै ते सप्टेंबर आपण खड्ड्यात असतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण "पावसाळ्यात जरा ओढाताण असते" एवढंच आम्ही म्हणायचो. त्या ओढाताणीचा आकडा कुणी काढला नव्हता.

त्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक आले. तीस वर्षांचा संबंध. म्हणाले, "दादा, दोनच रुपये कमी करा, माल वाढवून देतो." दादा हो म्हणणारच होते, मी वही पुढे सरकवली. सगळ्यांनाच दोन रुपये कमी केले की पाचाचे तीन राहतात, आणि काठावर यायला 33 नाही, 55 हजार खोकी लागतात. ते माल किती वाढवणार होते? महिन्याला तीन हजार. दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "चहा घ्या." भाव कमी केला नाही. ते गिऱ्हाईकही गेलं नाही, हे विशेष. एरवी माझ्या अभ्यासाला दादा "पुस्तक वाचून पुठ्ठा चिकटतो का गं?" म्हणायचे, त्या दिवशी रात्री जेवताना म्हणाले, "ते पंचावन्न हजारांचं परत एकदा सांग."

खरं तर हे एक्सेलमध्ये कुणीही पाच मिनिटांत करेल. आठ वर्षं मी केलं नव्हतं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा उपयोगी धडा खेळत्या भांडवलाचा. कागदाची रील आमच्याकडे वीस दिवस पडून असते, खोकं होऊन निघायला पाच दिवस, पैसे यायला सरासरी पंचाहत्तर. मिलवाल्याची उधारी तीस दिवसांची. वजा-बाकी करता सत्तर दिवस आमचा पैसा दुसऱ्याच्या घरी राहायला जातो, आणि बँकेचं व्याज आम्ही भरतो. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून क्राफ्ट पेपरवर, म्हणजे आमच्या रीलच्या कागदावर, जीएसटी 18 टक्के आणि खोक्यावर 5, म्हणजे मधल्या फरकाचे पैसे परतावा येईपर्यंत आणखी अडकले. हे पुस्तकात छापून येईल तोवर दर परत बदललेले असतील.

उधारीचं औषध पुस्तकात नव्हतं, ते रविवारच्या ऑनलाइन तासाला मिळालं. आठ तास ठरले होते, त्यातले पाचच झाले, पण एक तास एका सीएंनी घेतला तो फीइतका मोलाचा. त्यांनी सांगितलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरातही बदल झालाय : मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. आता आपल्या गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार? आम्ही तर नाही. मी फक्त बिलावर उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आणि 45 दिवसांची एक ओळ छापली. सातपूरच्या एका कंपनीच्या अकाउंट्समधून मार्चमध्ये स्वतःहून फोन आला. द्राक्षवाल्यांवर काही परिणाम नाही. त्यांचे युरोपातून आले की आमचे येतात.

उद्योजकतेच्या पेपरात शुम्पीटर वगैरे मंडळी आली आणि गेली. लक्षात राहिला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड. आंध्रातल्या काकीनाड्याच्या लहान व्यावसायिकांना 1964 मध्ये प्रशिक्षण देऊन काही मिळवून दाखवण्याची ईर्षा शिकवता येते का, हे त्याने पाहिलं, आणि येते असं त्याचं म्हणणं. दादांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सिन्नरला आणायचा होता, आम्ही फुकट शिकवलं असतं."

वेळेचं नीट सांगते, कारण जाहिरातीत 'फावल्या वेळात' असं लिहिलेलं असतं. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे तीस तास अभ्यास धरतात, चार क्रेडिटच्या पेपराला एकशे वीस. मला त्याच्या निम्मेही जमले नाहीत. रविवारी सकाळी सावानात जाऊन बसायचे (सावाना म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, 1840 पासूनचं आहे, तिथे मोबाइल काढायलाही संकोच वाटतो), बाकी रात्री साडेदहानंतर. परीक्षा डिसेंबर आणि जूनमध्ये. जून ठीक. डिसेंबरात पॅकहाउसची बोलणी चालू असतात, जानेवारीपासून द्राक्षाचा माल तुटतो. पहिल्या डिसेंबरात बिझनेस कम्युनिकेशनच्या आदल्या रात्री स्टिचिंग मशीन बंद पडलं, दुसऱ्या दिवशी मी इंग्रजीत तक्रारीचं पत्र लिहायच्या प्रश्नापाशी बसून राहिले. सत्तरपैकी एकोणीस. असाइनमेंटचे तीस गुण वेगळे असतात, पण दोन्हीकडे स्वतंत्र पास व्हावं लागतं, हे मला निकालानंतर कळलं.

नोकरीत बढतीसाठी घेणार असाल तर तुमच्या कंपनीत ही पदविका धरतात का, ते आधी एचआरला लेखी विचारा. नवा धंदा काढायचाय आणि हातात अजून काहीच नाही, अशांना यातलं निम्मं हवेत जाईल असं मला वाटतं. आमच्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे बरेच होते, ते दिवाळीपर्यंत गप्प झाले. ज्यांच्याकडे दुकान, वर्कशॉप, नर्सरी, काही तरी चालू आहे आणि हिशोबाची वही आहे, त्यांनी घ्यायला हरकत नाही. मात्र उदाहरणं पुस्तकातली लिहू नका, तुमची लिहा.

राहिलेला पेपर पुढच्या महिन्यात आहे. यंदा पावसाने हात सोडलाच नाही, बागांमध्ये घड किती सुटले ते धड कळत नाही, त्यामुळे बोलणीही उशिरा सुरू होतील असं दिसतंय. अभ्यासाला तेवढेच पंधरा दिवस जास्त. दादांना आता पावसाळ्यातल्या 33 हजारांसाठी मिठाईच्या डब्यांचं डाय-कटिंग करायचंय, जुनं मशीन कितीला मिळेल ते मालेगावला विचारून आलेत. वही माझ्याकडे दिलीय.