.२०४ रुगर: कोयोटीच्या फरसाठी एक हिवाळा वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या सेजब्रश (खुरट्या झुडपांच्या) माळावर कोयोटीच्या, म्हणजे कोल्हा-लांडग्याच्या कुळातल्या तिथल्या जनावराच्या, शिकारीसाठी नोव्हेंबर ते मार्च असा पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचा हा अनुभव आहे. रायफल साधी बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची), नळी २४ इंची, नळीतल्या खाचांचा पीळ १२ इंचांत एक वेढा. काडतूस .२०४ रुगर, गोळ्या हॉर्नडी कंपनीच्या, व्ही-मॅक्स नावाच्या प्लास्टिक टोकाच्या, ३२ आणि ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) अशा दोन वजनांच्या. अपेक्षा दोनच: हाकेला (भक्ष्याच्या आवाजाच्या नकलेला) आलेला कोयोटी जागेवर पडावा आणि कातड्याला शिवून बुजवता येणार नाही असे भोक पडू नये.

आधी कायद्याचे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोल्हा, खोकड, लांडगा यांची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे हे सगळे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे. वायोमिंगमध्ये कोयोटी ‘प्रिडेटरी ॲनिमल’ (भक्षक जनावर) या वर्गात येतो. बॉबकॅटचे, म्हणजे तिथल्या रानमांजराचे, तसे नाही. त्याला परवाना लागतो, ठरलेला हंगाम असतो आणि कातड्याला टॅग लावावा लागतो. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणून आधी परवाना, मग बंदुकीचे दुकान.

आता मुद्दा. नवीन माणूस ‘कॅलिबर कुठले’ एवढेच विचारतो. पण फर वाचते की फाटते हे तीन गोष्टींवर ठरते: गोळीची बांधणी, अंगावर आदळतानाचा वेग आणि ती लागते ती जागा. फरसाठी आदर्श गोळी बारीक भोक पाडून आत शिरते, छातीच्या पोकळीत फुटते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येत नाही. म्हणजे एकच भोक, तेही केसांत शोधावे लागेल असे. .२०४ हे जमवते. रुगर आणि हॉर्नडी यांनी २००४ मध्ये आणलेले हे काडतूस .२२२ रेमिंग्टन मॅग्नम या जुन्या काडतुसाच्या पितळी कवचावर बेतलेले आहे. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फूट प्रति सेकंद वेगाने सुटते, ४० ग्रेनची ३,९०० ने.

फसगत होते ती ३२ ग्रेनमध्ये. डब्यावरचा वेग पाहून तीच घ्यावीशी वाटते, आणि २०० यार्डांच्या पुढे ती छानच चालते. पण सशाच्या ओरडण्याची हाक ऐकून आलेला कोयोटी पुष्कळदा ४०-५० यार्डांवर येऊन उभा राहतो. तिथे गोळीचा वेग अजून ४,००० च्या आसपास असतो. पातळ जॅकेट (शिशावरचे धातूचे आवरण) आणि प्लास्टिकचे टोक असलेली इतकी हलकी गोळी फऱ्याच्या हाडावर आदळली तर आत शिरण्याआधीच तिचा चुरा होतो. खांद्यावर बशीएवढा खड्डा पडतो, आतली फुप्फुसे शाबूत राहतात आणि जनावर तीन पायांवर पळते. फर गेली, शिवाय जनावराचे हाल. हे दुसरे जास्त वाईट.

४० ग्रेनची गोळी लांब असते आणि तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापत जाण्याच्या क्षमतेचे माप) .२७५ आहे, ३२ ग्रेनचा .२१०. वेग थोडा कमी आणि वस्तुमान जास्त, त्यामुळे बरगड्यांतून आत जाऊन मग फुटते. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर ती साधारण ८ इंच सरकते, ३२ ग्रेनची जवळपास १० इंच. वायोमिंगमध्ये वारा नसलेला दिवस विरळाच, तेव्हा हा फरक कामाचा आहे. आता कोयोटीसाठी ४० ग्रेनच वापरायची असे ठरले आहे; ३२ ग्रेन फक्त खोकडासाठी. ४५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसे उघडे असलेली गोळी) आणखी मजबूत, पण १२ इंची पिळाच्या काही नळ्यांत ती नीट स्थिर होत नाही. निशाणीच्या कागदावर भोके गोल न पडता लांबट पडू लागली तर ती गोळी सोडून द्या.

नेम २०० यार्डांवर झिरो करावा, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमाच्या जागी लागेल असा स्कोप जुळवावा. ४० ग्रेन १०० यार्डांवर पाऊण इंच वर लागते आणि ३०० वर चार-साडेचार इंच खाली. म्हणजे अडीचशे यार्डांपर्यंत स्कोपच्या चकत्या फिरवायची गरज नाही, सरळ जिथे मारायचे तिथे धरायचे. जनावर आडवे उभे असेल तर पुढच्या पायामागच्या घडीत, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून येत असेल तर छातीच्या मध्यावर. या जागेवर बाहेर पडणारे भोक जवळजवळ होतच नाही, म्हणून फरसाठी हीच जागा सर्वांत चांगली. तिरके उभे असेल तर थांबा, हलकी शीळ घाला, ते वळते. पोटात लागलेली गोळी सगळे बिघडवते: आतली घाण फरवर येते आणि पोटाकडची कातडी लवकर कुजते.

या काडतुसाचा कौतुक करण्याजोगा गुण म्हणजे धक्का. तो इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधून दिसते. गोळी कुठे लागली ते तत्क्षणी कळते आणि जोडीने आलेल्या दुसऱ्या कोयोटीवर लगेच नेम धरता येतो. .२२-२५० या मोठ्या काडतुसात हे सहसा होत नाही. ते काडतूस ताकदवान आहे, ५५ ग्रेनला ३,६८० फूट वेग देते, आणि मोकळ्या माळावर ४०० यार्डांवर मारायचे असेल तर तेच हवे. पण जवळून सॉफ्ट पॉइंट मारली तर पलीकडच्या बाजूला मुठीएवढे भोक पडते. .२२३ हे काडतूस त्या मानाने सौम्य. ५० किंवा ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स वापरली तर फर बरी राहते. शिवाय त्याची काडतुसे गावोगावच्या दुकानांत मिळतात. .२०४ ची तशी मिळत नाहीत, हंगामाआधी साठा करून ठेवावा लागतो.

फक्त खोकड आणि बॉबकॅट मारणाऱ्याने .१७ कडे बघावे. १९७१ चे .१७ रेमिंग्टन २५ ग्रेनला ४,०४० फूट वेग देते आणि भोक टाचणीने केल्यासारखे पडते. मात्र तीच १० मैलांची हवा ३०० यार्डांवर तिला १२ ते १५ इंच ढकलते. .१७ एचएमआर हे छोटे रिमफायर काडतूस खोकडाला १०० यार्डांच्या आत पुरते. कोयोटीवर ते वापरू नये. फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूने मढवलेली) गोळी दोन बारीक भोके पाडते म्हणून काही जण तीच सुचवतात. ती आत फुटत नाही, जनावर दूर पळून मरते, आणि गोठलेल्या जमिनीवर उसळून कुठेही जाते. नकोच.

थंडीत आलेल्या अडचणी. उणे २० अंशांत बोल्टमधले तेल घट्ट होते, फायरिंग पिन हळू चालते आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी) पेटत नाही. बोल्ट उघडून ग्रीस-तेल पूर्ण पुसून काढले की प्रश्न सुटतो. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक पट्टा लावावा; नळीच्या एवढ्या अरुंद पोकळीत बर्फाचा बारीक खडाही धोकादायक असतो. साफसफाईला .२२ ची नेहमीची सळई बहुधा आत जात नाही, .२० किंवा .१७ ची वेगळी घ्यावी लागते. गोळ्या नेहमीपेक्षा फाकायला लागल्या की तांबे काढणारे द्रावण वापरा. बहुतेक वेळा दोष स्कोपचा नसतो, नळीत बसलेल्या तांब्याचा असतो.

गोळी लागल्यानंतरचे काम निम्मी फर वाचवते. नाकात आणि जखमेत लगेच कागदाचा बोळा कोंबा, म्हणजे रक्त केसांत उतरत नाही. लागलेले रक्त थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ते पक्के बसते. शरीर कोमट असतानाच सोला, मागच्या एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत चीर देऊन मोज्यासारखे उलटे ओढत. मांस-चरबी खरवडून झाली की भोकाच्या फाटक्या कडा कातरून त्याला अंगाच्या लांबीच्या दिशेने बदामासारखा आकार द्या आणि आतल्या बाजूने मेणाच्या दोऱ्याने जवळजवळ टाके घाला. गोल भोक तसेच शिवले तर चुण्या पडतात. मग ताणपट्टीवर चढवा. कोयोटीच्या फरची किंमत पाठीत असते, कुशीतले शिवलेले भोक खरेदीदार फारसे मोजत नाही.

भावाची अपेक्षा बेताची ठेवा. कॅनडा गूज या कोट बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये फरची खरेदी थांबवायचे जाहीर केले आणि कोटाच्या टोपीला लागणाऱ्या कोयोटीच्या झालरीचा एक मोठा ग्राहक गेला. सोललेले धड माळावर टाकू नका, पुरा. फुटलेल्या गोळीचे शिशाचे कण त्यात असतात आणि हिवाळ्यात गरुड तेच खातात. पुरणे शक्य नसेल तर शिसेविरहित गोळी वापरा; .२०४ मध्ये हॉर्नडीची २४ ग्रेनची एनटीएक्स मिळते. ती ३२ ग्रेनपेक्षाही हलकी आहे, म्हणून फऱ्यापासून लांब, बरगड्यांतच मारायची.