‘ओरिजिनल जपानी’ जॉयस्टिकच्या नावाखाली नक्कल: घेण्याआधी वाचा

जाहिरातीत लिहिलं होतं: सान्वा जेएलएफ, ओरिजिनल जपानी, ओमरॉनचे स्विच, ४-वे/८-वे बदलता येते. (सान्वा जेएलएफ ही जपानी कंपनीची आर्केड गेमसाठीची जॉयस्टिक; ४-वे म्हणजे फक्त वर-खाली-डावी-उजवी, ८-वे म्हणजे सोबत तिरप्या दिशाही.) पैसे अस्सल मालाचे घेतले, पाठवली नक्कल. वरून काही कळत नाही. तोच ३५ मिमीचा बॉल, तोच पाच पिनांचा कनेक्टर. सगळी लबाडी खालच्या बाजूला.

अस्सल जेएलएफच्या तळाशी चौकोनी गेट, म्हणजे लिव्हरची (दांड्याची) हालचाल ठरावीक आकारात अडवणारी प्लेट, असतं. ते ४५ अंश फिरवून बसवलं की चौकोन पत्त्यातल्या चौकटसारखा उभा होतो आणि जॉयस्टिक ४-वे होते. पॅक-मॅन (१९८०) आणि डाँकी काँग (१९८१) यांना हेच लागतं. ८-वे गेटवर लिव्हर कोपऱ्यात गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात, गेमला नक्की दिशा कळत नाही आणि पॅक-मॅन वळणावर अडकतो किंवा सरळ पुढे निघून जातो. लोक उगाच स्वतःच्या हाताला दोष देतात!

आलेल्या मालात गेट आणि तळ एकाच साच्यात ओतलेले, म्हणजे फिरणार काय? विक्रेत्याला विचारल्यावर उत्तर आलं, “जरा जोर लावा, फिरेल.” जोर लावला, खाच तुटली. मग ‘ग्राहकाकडून मोडतोड’ म्हणून परतावा नाकारला. हा सापळाच आहे. फिरत नसेल तर हात लावू नका, फोटो काढा.

गेट फिरतं, पण ढिलं बसतं, असाही माल येतो. त्याची गोम अशी: उभ्या चौकटीत बाजूच्या मध्यावर लिव्हर प्रत्येक दिशेला पूर्ण चालीच्या निम्माच सरकतो. म्हणून स्विच निम्म्या चालीनंतर लागला पाहिजे. गेट हललं किंवा स्विच लवकर लागला, तर ४-वे नावापुरतं उरतं.

पॅनेलला स्क्रू मारण्याआधी तपासा. मल्टिमीटर बीपवर (सर्किट जोडलं की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून कॉमन, म्हणजे सगळ्या स्विचची सामायिक पिन, आणि एकेक दिशेची पिन धरा. लिव्हर मध्ये असताना एकही बीप नको, दिशेला नेल्यावर न अडखळता वाजला पाहिजे. मग यूएसबी एन्कोडरला (जॉयस्टिकचे सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडून विंडोजच्या गेम कंट्रोलर चाचणीत लिव्हर कडेकडेने गोल फिरवा. ४-वे लावलेलं असताना पडद्यावरची खूण तिरप्या कोपऱ्यात गेली, तर गेट कामाचं नाही. स्विचवर कंपनीचं नाव कोरलेलं आहे का, तेही बघा. आमच्या मते, तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊच नये.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ सलग हवा, लेबलपासून थेट तळापर्यंत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल बनावट असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि मूळ देश सांगणंही बंधनकारक आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. तो पैसे भरण्याआधीच काढून ठेवा, कारण तक्रार गेली की जाहिरातीतला ‘ओरिजिनल’ बदलून ‘टाइप’ (म्हणजे नुसता ‘तसल्या धाटणीचा’) होतो.